डेलिशस सफरचंदाची कुळकथा व तिजपासून घ्यावयाचा बोध

भाद्रपद लागला कीं पुण्यामुंबईच्या फळबाजारांत हिमाचल प्रदेशांतून आलेल्या सफरचंदांच्या पेट्यांची रीघ लागते. तांबडें, किंचित् लांबट, तळाशीं पांच उंचवटे असलेलें हें फळ 'डेलिशस' या नांवानें ओळखलें जातें. आंबा, संत्रें अथवा चिकू यांची बाग राखणाऱ्या आमच्या वाचकांस, थंड मुलखांतील या फळाची माहिती आपणांस काय कामाची, असें वाटणें स्वाभाविक आहे. सफरचंदाची लागवड करा, असें सांगण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु सुमारें दीडशें वर्षांपूर्वीं एका शेतकऱ्याच्या बागेंत आपोआप उगवलेलें एक झाड जगभर कसें पसरलें, आणि ज्या गुणामुळें तें पसरलें तोच गुण त्याच्या पुढच्या कलमांतून कसा उणा होत गेला, हा इतिहास प्रत्येक बागाईतदारानें एकदां तरी वाचावा असा आहे. उद्यां आपण जीं कलमें लावणार त्यांची काडी कोणत्या झाडावरून घ्यावयाची, हा प्रश्न सर्व फळांच्या बाबतींत सारखाच आहे.

बियांचें झाड व काडीचें झाड

रायवळ आंब्याची कोय पुरली असतां आईसारखेंच फळ मिळेल, अशी खात्री कोणी देत नाहीं. सफरचंदाचें तर याहूनहि बिकट आहे. सफरचंदाच्या बहुतेक जातींचें फूल स्वतःच्या परागानें नीट फळ धरीत नाहीं; दुसऱ्या जातीच्या झाडावरील पराग मधमाश्यांनीं आणून द्यावा लागतो. त्यामुळें प्रत्येक बियांत दोन निराळ्या कुळांचें मिश्रण असतें, व शंभर बिया पेरल्या तर शंभर तऱ्हेचीं झाडें उत्पन्न होतात. त्यांपैकीं बहुतेकांचीं फळें बारीक, आंबट किंवा तुरट निघतात. एखादें झाडच उत्तम निघतें. तें उत्तम झाड टिकवावयाचें तर त्याची काडी अथवा डोळा दुसऱ्या खुंटावर बांधण्यावांचून गत्यंतर नाहीं. म्हणजे ज्यास आपण फळाची 'जात' म्हणतों, ती वस्तुतः एकाच झाडाची वाढत गेलेली फांदी होय. हजारो कोसांवरील कलमेंहि त्या एका झाडाचींच अंगें असतात.

हें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील हकीकतीचें मर्म कळेल.

ओळ सोडून उगवलेलें रोप

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं आयोवा संस्थानांत मॅडिसन नांवाचा परगणा आहे. त्यांतील पेरू या खेड्याजवळ जेसी हायट नांवाचा क्वेकर पंथाचा एक शेतकरी फळबाग राखून होता. १८७० नंतरच्या दशकांत त्याच्या बागेंत, झाडांच्या दोन ओळींच्या मध्यें, एक रोप आपण होऊन उगवलें. हायट शिस्तीचा माणूस होता. ओळ सोडून आलेलें रोप त्यानें छाटून टाकलें. पुढील वर्षीं तें पुन्हां फुटलें. त्यानें तें पुन्हां छाटलें. तरीहि तें फुटलेंच. तेव्हां, ज्याला जगण्याची एवढी उमेद आहे त्याला जगूं द्यावें, असा विचार करून हायटनें तें राखलें, असें सांगतात. जवळच 'यलो बेलफ्लॉवर' या जुन्या जातीचें झाड होतें, व तेंच या रोपाची आई असावें असा समज आहे.

कांहीं वर्षांनीं त्या झाडानें फळ धरलें. तें फळ आज बाजारांत दिसतें तसें सर्वांगानें तांबडें नव्हतें. पिवळट सालीवर तांबड्या रेघा व तांबडी झांक, एवढाच त्याचा रंग. परंतु गर रसाळ, गोडी भरपूर, आंबटपणा अल्प व सुवास मनोहर. हायट या फळावर फार खूष झाला. आयोवाच्या लोकांस 'हॉकआय' असें टोपणनांव आहे; तेंच त्यानें आपल्या फळास दिलें.

याच सुमारास मिसूरी संस्थानांतील लुइझियाना या गांवीं स्टार्क घराण्याची रोपवाटिका मोठ्या भरभराटींत होती. हिची स्थापना १८१६ सालची. त्या काळीं अमेरिकेंत 'बेन डेव्हिस' या जातीचा फार प्रसार होता. तिचें फळ दिसावयास देखणें व दूरच्या प्रवासांत टिकणारें, परंतु चवीला अगदींच सामान्य. तिची जागा घेईल असें चवदार फळ स्टार्क घराण्यास हवें होतें. म्हणून १८९३ सालीं त्यांनीं फळांचें प्रदर्शन भरवून बागाईतदारांकडून नमुने मागविले. हायटनें आपलीं फळें पाठविलीं. तीं परीक्षकांस पसंत पडलीं. परंतु पाठविणाराचें नांव व पत्ता गहाळ झाला! रोपवाटिकेच्या चालकांस वर्षभर वाट पाहावी लागली. सुदैवानें १८९४ सालीं हायटनें पुन्हां फळें पाठविलीं, तेव्हां कोठें धनी सांपडला. स्टार्क घराण्यानें त्याजपासून त्या झाडाचे हक्क विकत घेतले व फळास 'डेलिशस', म्हणजे 'स्वादिष्ट', असें नांव दिलें.

येथें वाचकांनीं एक गोष्ट नीट लक्षांत ठेवावी. देखण्या पण बेचव फळाला पर्याय म्हणून, केवळ चवीच्या जोरावर, या जातीची निवड झाली होती. तिचें नांवहि चवीवरूनच पडलें.

पुढें १९१४ सालीं स्टार्क घराण्यानें पश्चिम व्हर्जिनिया संस्थानांतील एक पिवळें सफरचंद विकत घेऊन त्यास 'गोल्डन डेलिशस' हें नांव दिलें. या दोहोंत रक्ताचें नातें नाहीं. परंतु ओळख पटावी म्हणून जुन्या जातीस लोक 'रेड डेलिशस', म्हणजे तांबडें डेलिशस, म्हणूं लागले.

मूळ झाडाची कथा एवढ्यानें संपत नाहीं. १९४० च्या नोव्हेंबरांत त्या प्रदेशांत अवचित कडाक्याची थंडी पडली आणि हायटचें झाड मेलें. परंतु पुढें त्याच्या मुळांतून फुटवे आले व त्यांतून झाड पुन्हां उभें राहिलें. आपल्या वाचकांस यांत शिकण्यासारखें आहे. कलमी झाड जळून खुंटाखालून फुटलें तर तो फुटवा खुंटाच्या जातीचा असतो, व तो राखण्यांत अर्थ नसतो. हायटचें झाड बियांचें, स्वतःच्या मुळावर वाढलेलें होतें; म्हणून त्याच्या मुळांतून आलेला फुटवाहि अस्सल हॉकआयच निघाला.

जातीचीं लक्षणें

डेलिशसचें झाड जोमदार व उभट वाढणारें आहे. फळ शंकूच्या आकाराचें असून देंठाकडे रुंद व तळाकडे निमुळतें होत जातें. तळाशीं पांच उंचवटे असतात, व हीच त्याची मुख्य खूण. आंबटपणा कमी असल्यामुळें हें फळ कापून खाण्यास उत्तम. शिजविण्याच्या कामास तें फारसें उपयोगी नाहीं. नीट न साठविल्यास किंवा फार दिवस ठेवल्यास गर पिठूळ होतो.

बागाईतदाराच्या दृष्टीनें तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, ही जात स्वतःच्या परागानें फळ धरीत नाहीं. बागेंत गोल्डन डेलिशससारखीं दुसऱ्या जातीचीं झाडें पुरेशा प्रमाणांत लावावीं लागतात. दुसरी, हिवाळ्यांत ७ अंश सेंटिग्रेडच्या खालीं सुमारें १,००० ते १,२०० तास थंडी मिळाली तरच हिचे डोळे वेळेवर व सारखे फुटतात. तिसरी, खवड्या रोगास ही जात सहज बळी पडते. फुलोरा पूर्ण उमलल्यापासून फळ तयार होण्यास सुमारें १३५ ते १५० दिवस लागतात. या शेवटच्या आंकड्याचें महत्त्व पुढें कळेल.

रंगाचा मोह

एकाच झाडाचीं सर्व कलमें सारखीं असतात हें खरें. तथापि क्वचित् एखाद्या डोळ्यांत निसर्गतः बदल घडून येतो, व त्यांतून निघालेल्या फांदीचीं फळें झाडावरील इतर फळांहून वेगळीं होतात. त्या फांदीची काडी बांधली कीं तो बदल कायम राहतो. १९२० नंतरच्या दशकाच्या प्रारंभीं न्यू जर्सी संस्थानांतील एका बागेंत डेलिशसच्या झाडावर अशी एक फांदी आढळली. बाकीचीं फळें हिरवट असतांनाच तिचीं फळें गर्द तांबडीं होत. स्टार्क घराण्यानें तिजबद्दल सहा हजार डॉलर मोजले, व तिच्या कलमांस 'स्टार्किंग' हें नांव दिलें. पुढें १९५० नंतरच्या दशकांत ओरेगॉन संस्थानांतून 'स्टारक्रिमसन' ही ठेंगणी, आंखूड पेऱ्यांची व आणखी गडद रंगाची कलमें प्रसारांत आलीं. मग जो तो आपल्या बागेंत अशा तांबड्या फांद्या शोधूं लागला. तांबड्याहून तांबडें, त्याहूनहि लवकर तांबडें, अशी चढाओढ लागली व डेलिशसच्या नानाविध पोटजाती निघाल्या.

यांत शेतकऱ्यांचें काय चुकलें, असें कोणी विचारील. व्यापारी रंगावर भाव देतो. गिऱ्हाईक रंग पाहून उचलतें. गडद सालीखालीं मार लागलेली जागा झांकली जाते. साल जाड असेल तर प्रवासांत फळ टिकतें. सर्व फळें एकदम रंगलीं तर तोडणी एकाच वेळीं उरकते व मजुरी वांचते. प्रत्येक कारण आपल्या जागीं सयुक्तिक होतें. परंतु या सर्वांत एक मोठी चूक लपलेली होती, व तीच या लेखाचा गाभा आहे.

हॉकआयच्या झाडावर रंग हा फळाच्या पक्वतेचा साक्षीदार होता. फळांतील पिष्टाची साखर होत आली म्हणजेच सालीवर रंग चढे. म्हणून तोडणाऱ्याचा डोळा फसत नसे. जी फांदी फळ कच्चें असतांनाच रंग देते, तिच्या बाबतींत हा साक्षीदार खोटा ठरतो. फळाला १४० दिवस हवेत, रंग मात्र कित्येक दिवस आधींच तयार! बाजार लवकर गांठण्याच्या घाईंत बागाईतदार रंग पाहून तोडतो, आणि पेटींत जातें तें पिष्टानें भरलेलें, सुवास न आलेलें फळ. तें महिनोगणती शीतगृहांत पडलें म्हणजे पुढें काय होत असेल तें सांगावयास नको. पिढ्यानुपिढ्या काडी निवडतांना रंग पाहिला, चव पाहिली नाहीं. म्हणून हजार डोळ्यांतून नेमके तेच डोळे पुढें गेले, ज्यांत रंग होता आणि गोडीची हमी नव्हती.

याचा परिणाम उशिरां पण निश्चित दिसला. १९८० नंतरच्या दशकांत वॉशिंग्टन संस्थानाच्या एकंदर सफरचंदांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश पीक एकट्या रेड डेलिशसचें होतें. पुढें गिऱ्हाईक गाला, फूजी वगैरे नव्या चवदार जातींकडे वळलें. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथील बागाईतदारांस एवढी खोट आली कीं २००० सालीं अमेरिकन सरकारला त्यांच्या मदतीस धांवावें लागलें. २०१८ सालीं गाला या जातीनें रेड डेलिशसचें अमेरिकेंतील पहिलें स्थान घेतलें. ज्या बेन डेव्हिसला हटविण्यासाठीं ही जात आणली, तिचीच गति शेवटीं हिला प्राप्त झाली.

हिमाचलांतील आगमन

आपल्या देशांत ही जात कशी आली, तें सांगणें अवश्य आहे. कुलू खोऱ्यांत १८७० च्या सुमारास इंग्रज गृहस्थांनीं सफरचंदांच्या बागा लावल्या होत्या. परंतु त्या विलायती जाती आंबटसर असल्यामुळें आपल्या लोकांच्या जिभेस फारशा रुचल्या नाहींत. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स हे १९०४ सालीं कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठीं भारतांत आले व सिमल्याजवळील डोंगरांत कोटगढ येथें स्थायिक झाले. थोडक्या जमिनीवर धान्य पिकवून पहाडी शेतकऱ्याचा निर्वाह होत नाहीं, हें त्यांनीं पाहिलें. १९१६ च्या सुमारास त्यांनीं स्टार्क यांच्याच रोपवाटिकेंतून डेलिशसचीं कलमें आणून लावलीं, व शेजारच्या शेतकऱ्यांसहि तीं दिलीं. गोड फळ आपल्या लोकांस लगेच मानवलें. स्टोक्स यांनीं राष्ट्रीय चळवळींत भाग घेऊन तुरुंगवास सोसला, व १९३२ सालीं हिंदु धर्म स्वीकारून सत्यानंद हें नांव घेतलें. १९४६ सालीं ते निवर्तले. त्यांच्या मागें कोटगढच्या परिसरांत घरोघर बागा झाल्या; ज्या डोंगरांत पोटापुरतें धान्य पिकत नव्हतें, तेथें पक्कीं घरें उभीं राहिलीं. एका झाडाच्या काडीनें केवढें काम केलें!

परंतु अमेरिकेंतील वाट येथेंहि थोडीबहुत दिसूं लागली आहे. डोंगरच्या डोंगर एकाच कुळाच्या फळानें भरले. १९८२-८३ सालीं खवड्याची साथ आली तेव्हां सर्वांस एकदमच तडाखा बसला. परागासाठीं लागणारीं इतर जातींचीं झाडें भाव कमी म्हणून कित्येकांनीं पुरेशीं राखलीं नाहींत, व पुढें फळधारणा घटूं लागल्यावर मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानें आणण्याची पाळी आली. हिवाळे उबदार होत चालल्यामुळें सखल भागांत थंडीचे तास भरत नाहींत, व सफरचंद अधिकाधिक उंचावर सरकत आहे. बाजारांत प्रतवारी रंगावर होते. म्हणून रंग लवकर यावा यासाठीं इथेफॉनसारखीं औषधें फवारण्याचा मोह कांहींजणांस होतो. चांगल्या बागेंतील, वेळेवर तोडलेलें रॉयल डेलिशस आजहि उत्तम लागतें, हें आम्ही आवर्जून सांगतों. दोष जातीचा नव्हे, घाईचा आहे.

आपणांस बोध

'दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें' ही म्हण आपण गिऱ्हाइकास लावतों. या प्रकरणांत प्रथम फसला तो बागाईतदारच. आपल्याकडेहि कच्चा आंबा कार्बाइडानें पिवळा करून विकण्याचा प्रकार घडतो. कायद्यानें त्यास बंदी आहे. तरीहि साल पिवळी व बाठ्याजवळ गर आंबट, असा आंबा ज्यानें एकदां विकत घेतला, तो पुढील वर्षीं हापुसाच्या नांवालाच बिचकतो. त्या बिचकण्याची किंमत पाडाला आलेला आंबा काळजीनें उतरविणाऱ्या शेजाऱ्यासहि मोजावी लागते.

म्हणून आमच्या वाचकांस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, काडी किंवा डोळा ज्या झाडावरून घ्यावयाचा, त्याचीं फळें निदान तीन हंगाम पिकवून, घरांतील चार माणसांस खावयास घालून मग झाड ठरवावें. फळ किती येतें व किती टिकतें हें पाहावेंच. पण चाखल्यावांचून काडी घेऊं नये. ठरलेल्या झाडास खूण करून त्याची नोंद वहींत ठेवावी.

दुसरी, तोडणीचा निर्णय एकट्या रंगावर सोंपवूं नये. सफरचंदवाले फळ आडवें कापून त्याची फोड आयोडिनच्या पातळ द्रावणांत बुडवितात. जेथें पिष्ट उरलें असेल तेथें गर काळानिळा होतो, व जेथें साखर झाली तेथें तसाच राहतो. बिया तपकिरी झाल्या कीं नाहीं हेंहि पाहतात. आंब्याची साधी परीक्षा म्हणजे तो पाण्यांत टाकून पाहणें. तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. फुलोऱ्यापासूनचे दिवस मोजून ठेवले तर त्यासारखी दुसरी साक्ष नाहीं.

तिसरी, सर्व बाग एकाच कलमाची करूं नये, आणि बांधावरचीं जुनीं झाडें केवळ ओळ सोडून आहेत किंवा बाजारांत त्यांस नांव नाहीं म्हणून तोडूं नयेत. अमेरिकेंत आज कांहीं हौशी रोपवाटिका जुन्या हॉकआयचीं कलमें पुन्हां देऊं लागल्या आहेत. मूळ चवीकडे परत जावयाचें झालें तर जाण्यासाठीं तें झाड कोणीतरी राखलेलें असावें लागतें.

आपल्यापैकीं पुष्कळांच्या मळ्यांत आजोबांच्या हातचा एखादा रायवळ आंबा असेल, ज्याचें नांव घरापलीकडे कोणास ठाऊक नाहीं, पण ज्याच्या आमरसाची आठवण लेकीबाळी सासरीं काढतात. यंदाच्या हंगामांत त्याचें फळ पाडाला आल्यावर उतरवावें, पिकवावें, वजन करावें, व गोडी, रेषा, बाठा, टिकाऊपणा यांची नोंद करावी. तें झाड खरोखरच गुणाचें ठरलें तर पावसाळ्यापूर्वीं त्याच्या काड्यांचीं चार कलमें बांधून ठेवावीं, व दोन शेजाऱ्यांस द्यावीं. एकाच मुळावर उभें असलेलें झाड एका वादळांत जातें. चार मळ्यांत वांटलेलें झाड सहसा जात नाहीं.